आत्याला विचारा : पॅड बांधून बसलेल्यांचा महिना

मंडळी, २०२६ च्या नवीन वर्षाच्या शुभेच्छा आत्ताच देऊन टाकते, कारण अंक हातात पडेस्तोवर संक्रांत येईल आणि मग तुम्हीच म्हणणार आत्या विसरली. यावेळी मेल, व्हॉट्सॲप आणि चक्क दोन पोस्टकार्डं धरून ढीग आलाय, आणि त्यातले निम्मे प्रश्न "अमुक कधी होणार" याच टाईपचे आहेत. कधी होणार ते मला कळत असतं तर मी इथे सांगलीत विश्रामबागेत बसून एका बोटाने टाईप करत बसले असते का, सकाळी टीव्हीवर राशीभविष्य नसतं का सांगितलं. तरी जमेल तसं लिहिते. रागवायचं नाही.

प्रश्न (एक सून, कोथरूड): आत्या, २ नोव्हेंबरला आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला तेव्हापासून आमचे सासरे येईल त्याला सांगतायत की "मी तर पहिल्यापासून लेडीज क्रिकेट बघतो." साफ खोटं आहे हो. फायनलच्या दिवसापर्यंत ते कॅप्टन हरमनप्रीतला हरप्रीत म्हणत होते. काय करू?

आत्या: काही करू नकोस गं, सासरे आहेत, एवढं चालतं. फार वाटलं तर चहा देता देता सहज विचार, बाबा पहिला महिला वर्ल्ड कप कधी झाला हो? ते १९७५ म्हणतील. ७५ चा तो पुरुषांचा. बायकांचा १९७३ ला झाला, दोन वर्षं आधी. चहा ठेवायचा आणि आत निघून यायचं, जास्त बोलायचं नाही.

आमच्याकडे त्या दिवशी काय झालं सांगते. नवी मुंबईत पाऊस, तीनची मॅच पाच वाजता सुरू झाली. आमचे हे म्हणाले आता संपायला मध्यरात्र होणार, मी काय जागत नाही. मग ती शेफाली आली. ही पोरगी मुळात टीममध्येच नव्हती बरं का, प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून ऐनवेळी बोलावलेली. आणि तिने मारले ८७, आणि वर कुणाच्या ध्यानीमनी नसताना बॉलिंग करून दोन विकेटी. लग्नात आयत्यावेळी बोलावलेल्या आचाऱ्याने जेवण एक नंबर करावं आणि वर मांडवही बांधून द्यावा तसं झालं हे. दीप्तीच्या पाच विकेटी तर वेगळ्याच. शंभर करून उभी राहिलेली ती दक्षिण आफ्रिकेची वूल्फार्ट, तिचा कॅच अमनजोतच्या हातातून उडाला, परत उडाला, तिसऱ्यांदा बसला, आणि "मी जागत नाही" म्हणणारे आमचे हे तांब्या हातात घेऊन सोफ्यावर उभे होते. सोफा अजून ओला आहे म्हटलं तरी चालेल. ५२ रननी जिंकलो.

आता सांगलीचं विचारू नका. स्मृती मानधना आमची, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गावात प्रत्येक घरात "मी तिला लहानपणी नेटमध्ये बघितलंय" म्हणणारा एकतरी माणूस निघाला. एवढी माणसं खरंच बघायला जात असती तर त्या पोरीला बॅट फिरवायला जागा तरी उरली असती का? मी मात्र बघितलंय. खरंच. (तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस.)

प्रश्न (नाशिकहून, २०११ ची स्कूटर चालवणारा): आत्या, त्या नवीन नंबरप्लेटची ३१ डिसेंबर ही शेवटची तारीख म्हणतात. खरंच शेवटची?

आत्या: बाळा, मार्च शेवटची होती, मग जून शेवटची झाली, मग ऑगस्ट, मग नोव्हेंबर, आता डिसेंबर. आपल्याकडे लग्नात शेवटची पंगत म्हणून घाईघाईने बसावं तर मागून अजून दोन पंगती उठतात, तसलं चाललंय हे सगळं. पण म्हणून बसून राहू नकोस, कारण ज्या दिवशी खरंच शेवटची पंगत असेल त्या दिवशी तुला नेमकी झोप लागलेली असणार.

२०१९ च्या एप्रिलच्या आधीची कुठलीही गाडी असेल तर ही प्लेट लावायचीच आहे, दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये. उपयोग काय म्हणशील तर प्लेटवर होलोग्राम, लेझरने कोरलेला नंबर आणि एकदा बसवली की स्क्रू ड्रायव्हरने निघत नाही, त्यामुळे चोराला प्लेट बदलायला त्रास. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते हे की ८०५५ चा बॉस आणि ४१४१ चा दादा करून मिरवणाऱ्या समस्त पुतण्या-भाच्यांची दुकानं बंद होणार. तेवढ्यासाठी मी ५३१ काय ६०० पण दिले असते.

आमची स्वतःची गोष्ट ऐक. मी पहिल्याच महिन्यात ऑनलाइन पैसे भरले, शहाण्या माणसासारखे. तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. हे गाडी घेऊन गेले तर सेंटरला कुलूप आणि कुलपावर कागद, "प्लेट आल्यावर फोन करू". तो फोन अजून यायचाय. गाडी मात्र रोज सकाळी पुसून तयार असते.

प्रश्न (सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतून): आत्या, मी २७ वर्षांचा आहे, एमपीएससीचा चौथा अटेम्प्ट. घरून रोज फोन येतो की परत ये. तुम्ही नेहमी गमतीत उत्तर देता, मला जरा सिरीयसली द्या.

आत्या: देते.

आपल्या मुलींचा कोच अमोल मुझुमदार, त्याची गोष्ट तुमच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एव्हाना पाच वेळा तरी फिरली असेल. १९८८ ला आझाद मैदानावर हॅरिस शील्डची मॅच, शाळा शारदाश्रम, सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, दोघांची मिळून ६६४ ची पार्टनरशिप, आणि पुढचा नंबर अमोलचा. तो पोरगा पॅड बांधून बसलाय बसलाय बसलाय, त्याची बॅटिंग आलीच नाही. पुढे रणजी ट्रॉफीत पहिल्याच मॅचला २६० मारले, फर्स्ट क्लासमध्ये एकूण ११,१६७ रन केले आणि भारताची कॅप एकदाही मिळाली नाही. २०२३ मध्ये मुलींचा कोच झाला. आणि परवा कप जिंकल्यावर हरमनप्रीत मैदानात त्याच्या पाया पडली तेव्हा मी रडले, हे पण रडले पण कांद्याचं नाव घेतलं त्यांनी, रात्री बारा वाजता कांदा.

तर ही गोष्ट भिंतीवर चिकटवून अजून चार अटेम्प्ट देणारी मुलं आहेत आणि ते मला पटत नाही. कारण तो माणूस नुसता बसला नव्हता रे. मुंबईने नाही तर आसामकडून, तिथून आंध्रकडून, दरवर्षी उन्हात उभा राहून रन काढत होता, मॅच फी घेत होता, घर चालवत होता. इंडियाची कॅप नाही मिळाली पण त्याचं क्रिकेट थांबलं नव्हतं. तुझं काय चाललंय ते तू बघ. बँकेची, तलाठ्याची, रेल्वेची, ज्या ज्या परीक्षेचा तुझ्या अभ्यासाशी संबंध लागतो ती दे, एक नोकरी पकड, आणि मग राज्यसेवा देत रहा कितीही वेळा. आमच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिम्पिकचं मेडल आणलं तेव्हा तो रेल्वेत तिकीट कलेक्टर होता, नोकरी सोडून नेमबाजी करत नव्हता. आणि घरून फोन आला की उचल. आईला "अभ्यास चालू आहे" एवढंच सांगू नको, जेवलास काय ते सांग, तिला तेच ऐकायचं असतं.

प्रश्न (ठाणे): आपल्या पोरांनी आशिया कप जिंकला पण पाकिस्तानच्या नक्वींच्या हातून ट्रॉफी घेतलीच नाही. मग जिंकलो म्हणायचं की नाही?

आत्या: लग्न लागलं, अक्षता पडल्या, जेवणं झाली, फक्त आहेराचं पाकीट कुणीतरी खिशात घालून घरी निघून गेलं. म्हणून लग्न झालं नाही असं म्हणतो का आपण?

प्रश्न (कोल्हापूर): आत्या, त्या इटलीच्या प्राडाने आपलं पायताण उचललं, मग आरडाओरडा झाल्यावर आता म्हणे ते इथल्याच कारागिरांकडून चपला बनवून घेणार आणि ८०० युरोला विकणार. माझा भाऊ म्हणतो अभिमान वाटला पाहिजे, मला तर राग येतोय. कोण बरोबर?

आत्या: दोघं. पण तुझा राग जरा जास्त बरोबर.

जूनमध्ये मिलानला फॅशन शो झाला तेव्हा त्या गोऱ्या पोरांच्या पायात होतं ते आपल्याकडचं म्हातारं पण ओळखेल, आणि हे लिहितात काय तर "लेदर सँडल". कोल्हापूरचं नाव नाही गाव नाही. नाव घातलं ते बोंब झाल्यावर. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर सांगली सातारा सोलापूर असे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, म्हणजे आमची सांगली पण त्यात आहे हे कोल्हापूरकर कधी स्वतःहून सांगत नाहीत ते मी सांगते.

आता ८०० युरो म्हणजे आपले ऐंशी हजाराच्या वर. चप्पल लाईनीत जाऊन हजार-बाराशेला सांगितलेल्या जोडावर आपण शंभर रुपयांसाठी वीस मिनिटं घासाघीस करतो, "जोड्याला एवढे असतात होय" म्हणून दोनदा दुकानाबाहेर येऊन परत आत जातो. मी पण केलंय, खोटं कशाला बोलू. चामडं कमवायचं, कापायचं, हाताने शिवायचं, वेणी घालायची, एका जोडाला किती दिवस जातात ते आपण कधी विचारलं नाही, आणि इटलीवाल्याने किंमत लावली तेव्हा मात्र आपल्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणून भावाला सांग अभिमान नंतर, आधी त्या ऐंशी हजारातले कारागिराच्या हातात किती पडतात ते बघू. आणि नवीन कापशी चप्पल घेशील तेव्हा तेल पाज नीट, पहिले आठ दिवस चावते, मग करकर वाजत आयुष्यभर साथ देते, नवऱ्यासारखीच.

प्रश्न (सिंहगड रोड, पुणे): १५ जानेवारीला महापालिकेचं मतदान. आमच्याकडे १४ ला संक्रांत आणि गेले पंधरा दिवस रोज कुठल्या ना कुठल्या भावी नगरसेविकेचं हळदीकुंकू. काल वाणात कुकर मिळाला. मत द्यावं लागेल का?

आत्या: किती लिटरचा?

बरं, गंमत सोड. वाण घेतलं म्हणून मत द्यायचं असं कुठल्याच शास्त्रात नाही, ना धर्मशास्त्रात ना कायद्यात, उलट कायद्यात असं वाण देणाऱ्याची पंचाईत आहे, आणि मतासाठी म्हणून घेतलं तर घेणाऱ्याची पण. आणि यांनी तरी काय आपल्याला विचारून उशीर केला होता? पुण्या-मुंबईच्या महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली, तेव्हापासून नगरसेवकच नाही, सगळा कारभार प्रशासकाकडे. ड्रेनेज तुंबलं तर माणसाने फोन कुणाला करायचा? माजीला केला तर तो म्हणतो मी माजी, भावीला केला तर तो म्हणतो निवडून द्या मग बघतो. जवळजवळ चार वर्षं हे इच्छुक लोक पांढरेशुभ्र कपडे घालून पॅड बांधून बसलेत, आणि आता एकदम २९ महापालिका एकाच दिवशी. कुकर वाटणार नाहीत तर काय करतील बिचारे, चार वर्षांची वाफ आहे.

एक लक्षात ठेव. मुंबईकराला एकच बटण, पण तुमच्याकडे प्रभागात चार जागा म्हणून चार मतं. मागच्या वेळी आमच्या नात्यातल्या एक बाई एक बटण दाबून बाहेरच निघाल्या होत्या, आतून सगळे ओरडतायत आज्जी अजून राहिलंय, त्यांना वाटलं आपलं काही विसरलं म्हणून पर्स तपासत बसल्या. चारही दाब. कुकरवालीला द्यायचं असेल तर दे, नसेल तर तीळगूळ दे आणि गोड बोल.

प्रश्न (सातारा जिल्ह्यातून): ते दोघं ठाकरे बंधू जवळजवळ वीस वर्षांनी एकत्र आले. आमचे दोन चुलत सासरे बांधावरून भांडलेत, बारा वर्षं बोलत नाहीत. काही उपाय?

आत्या: ते एकत्र कधी आले बघा. शाळेत पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, ओरडा झाला, २९ जूनला सरकारने तो मागे घेतला आणि ५ जुलैला वरळीला दोघं एका स्टेजवर. आता डिसेंबरात युती पण जाहीर झाली. म्हणजे भाऊ एकत्र यायला तिसऱ्या कुणीतरी दोघांच्याही दारात काहीतरी आणून टाकावं लागतं. तुमच्याकडे एखादा हायवे वगैरे जात नाही का? दोघांच्या रानातून सर्व्हे निघाला की बारा वर्षांचा अबोला बारा मिनिटात मिटतो बघा, मोबदला घ्यायला एकाच जीपने जातील. मोबदल्याचे पैसे आले की पुढचा बांध कुठे येतो ते मात्र तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न (औरंगपुरा, संभाजीनगर): एप्रिलमध्ये १४ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने आयपीएलमध्ये ३५ बॉलमध्ये शंभर मारले. आमचा १४ वर्षांचा आहे, त्याला आंघोळीला उठवायला ३५ हाका लागतात. माझं चुकतंय का?

आत्या: हाकांचा स्ट्राईक रेट चांगला आहे तुझा. चालू दे.

प्रश्न (बेळगाव): २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत खारे पॉपकॉर्न ५ टक्के आणि कॅरमलचे १८ टक्के असा जीएसटी होता, तो मला अजून झेपलेला नाही. आमच्या चिवड्यात मीठ पण असतं आणि साखर पण.

आत्या: साखर घातली की तो खाऊ राहत नाही मिठाईच्या खात्यात जातो, असं काहीतरी त्यांचं लॉजिक होतं. तुमच्या चिवड्याचं कुणाला सांगू नका. आमच्याकडे तसंही चिवड्यात साखर घालणाऱ्याला घरातच १८ टक्के लावतात.

प्रश्न (डोंबिवली): आत्या, मागच्या वर्षी मे महिन्यातच पाऊस आला आणि गच्चीवरच्या सगळ्या कुरडया, सांडगे, पापड भिजून गेले. लेकीला परदेशी पाठवायचे होते ते पण गेले. यंदा कधी करू? हवामान खात्यावर भरवसा ठेवू का?

आत्या: अगं कसला भरवसा. मुंबईत पाऊस यायची तारीख ११ जूनच्या आसपासची, आणि आला २६ मेला, नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढ्या लवकर कधीच आला नव्हता. त्याच दिवशी वरळीचं ते नवं कोरं मेट्रो स्टेशन, उघडून पंधरा-सोळा दिवस झाले होते फक्त, त्यात पाणी शिरलं. आणि स्टेशनला नाव कुणाचं तर आचार्य अत्र्यांचं. गेल्या दहा हजार वर्षांत असं स्टेशन झालं नाही असा अग्रलेख त्यांनी स्वतःच ठोकला असता दुसऱ्या दिवशी. जिथे करोडोंच्या स्टेशनला पावसाचा पत्ता लागला नाही तिथे तुझ्या गच्चीवरच्या साडीवर वाळत घातलेल्या कुरडयांचं काय.

आमच्याकडे पण तेच झालं, मी गच्चीत धावले तोवर अर्ध्या कुरडयांचा परत चीक झाला होता. हे खालून विचारतायत काय पडलं काय पडलं. मान्सून पडला म्हटलं.

यंदा मेची वाट बघूच नकोस. मार्चचा पहिला आठवडा धर, होळीचं आटोपलं की लगेच. ऊन तेव्हा पण चांगलं असतं आणि हात पण भाजत नाहीत. खपली नाही, साधा गहू घे, तीन दिवस भिजत घाल आणि रोज पाणी बदल, हा आळस केलास तर वास येतो आणि मग लेकीच्या परदेशात कस्टमवाले विचारतात हे काय आहे. चौथ्या दिवशी वाटून, गाळून चीक रात्रभर बसू दे, वरचं पाणी ओत, आणि हिंग-मीठ घालून शिजवायला ठेवलास की मला फोन कर. मार्चमध्ये मी डोंबिवलीला भाचीकडे येणारच आहे, गरम चिकाची एक वाटी माझी काढून ठेव, वरून तेल नको, तूपच घाल.